डिंपनाबाईंची जीप आणि ती ठक

मित्रांनो, मला कुणी जुनी म्हणा, कुणी म्हातारी म्हणा, मला राग येत नाही. एवढी वर्षं रस्ता तुडवल्यावर राग उरतो कुठे? मी डिंपनाबाईंची जीप. खरं सांगायचं तर मी जीप नव्हेच. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पाठीवर भलतंच लांबलचक नाव चिकटवलेलं होतं. पण आयर्लंडमधल्या मेयो जिल्ह्याच्या या डोंगराळ टोकाला चार चाकांवर उंच उभी राहणारी कुठलीही गाडी जीपच असते, आणि लोक ज्या नावाने हाक मारतात तेच आपलं नाव, असं मी मानते.

माझा जन्म झाला त्या कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. झगझगीत दिवे, घाईत असलेली यंत्रं, मग जहाजाच्या पोटातला अंधार, आणि शेवटी बॅलिना गावातल्या एका दुकानाची काच. त्या काचेआड मी नवरीसारखी नटून उभी होते. लोक येत, माझा रंग पाहत, आरशात स्वतःचे केस नीट करत आणि निघून जात. एके दिवशी शेणाने माखलेले बूट घातलेले एक गृहस्थ आले. त्यांनी रंग पाहिला नाही की आरसा पाहिला नाही. ते खाली वाकले, माझ्या पुढच्या चाकामागे हात घालून त्यांनी चाचपलं आणि म्हणाले, "पाय भक्कम आहेत हिचे." ते मॅलकी, डिंपनाबाईंचे यजमान. मी तिथल्या तिथे त्यांची झाले.

माझे पुढचे पाय म्हणजे काय, ते तुम्हांला आधी सांगितलं पाहिजे, कारण ही सगळी गोष्ट त्या पायांचीच आहे. माझ्या चाकाच्या वर एक जाड स्प्रिंग असते आणि तिच्या पोटात शॉकअप. चाकाला खालून धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, त्याला आर्म म्हणतात. हा आर्म माझ्या अंगाला जिथे जोडलेला असतो तिथे लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून रबराचा एक बुश बसवतात. तुमच्या गुडघ्यातल्या कूर्चेसारखाच तो. धड असेपर्यंत बिचाऱ्याचं नावही कुणाला ठाऊक नसतं.

मॅलकींच्या हाताखाली मी खूप काम केलं. वासरांची गाडी मागे बांधून बाजाराला गेले. दलदलीतून वाळलेलं टर्फ, म्हणजे इथल्या चुलीचं जळण, पोत्यांनी वाहिलं. त्यांची मुलगी ग्रानिया शाळेच्या संघात खेळायची, तिला आणि तिच्या चिखलाने माखलेल्या मैत्रिणींना साऱ्या जिल्ह्यात फिरवलं. कुणाच्या घरी मयत झालं की त्या घरासमोरच्या शेतात गाड्यांच्या रांगेत मीही मान खाली घालून उभी असे. मॅलकींचा कान तिखट होता. माझ्या अंगात काही कुरकुरलं की ते रेडिओ बंद करत आणि म्हणत, "बोल बाई, काय दुखतंय?" आणि दुसऱ्या दिवशी ते दुखणं गेलेलं असे. असा धनी मिळायला नशीब लागतं.

मग मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात मॅलकी गेले. गोठ्यातून घरात आले, चहा मागितला, आणि चहा कपात ओतेपर्यंत गेलेही. त्यानंतर मी शेडमध्ये पडून राहिले. कोंबड्या माझ्या बॉनेटवर बसू लागल्या. एका कोंबडीने तर माझ्या छपरावर अंडं घातलं. ते मागच्या बाजूने घरंगळत गेलं तेव्हा मला वाटलं, आता आपलं आयुष्य हे एवढंच.

डिंपनाबाईंकडे गाडी चालवायचा परवाना होता, पण तो फक्त कपाटात होता. त्या तरुण होत्या तेव्हा परीक्षेची रांग इतकी लांबली होती, की सरकारने वैतागून पुष्कळांना परीक्षेविनाच परवाने देऊन टाकले होते. त्यातलाच हा एक. पुढे मॅलकी चालवायला असताना त्यांना कधी गरजच पडली नाही. पण आमचं घर पडलं लांबच लांब पाणंदीच्या शेवटी. दोन्हीकडे दगडी गडगे, मधोमध गवताचा पट्टा, आणि खड्डे तर असे की पाऊस पडला की त्यांत बदकं उतरतात. त्या पाणंदीतून डिंपनाबाई महिनोन् महिने पायी चालल्या. मग एका सकाळी त्यांनी कोंबड्यांना हाकललं, माझं दार उघडलं आणि स्टिअरिंगला म्हणाल्या, "तुला काही झालं तर तू मला सांगायचं. मला काही कळत नाही." मी मनातल्या मनात हो म्हटलं.

त्या घाबरत घाबरत शिकल्या. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघींनी एक फाटक पाडलं, पण ते नाहीतरी पडायलाच आलेलं होतं. पुढे त्या शेजारच्या पॅकीला रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला आणि शुक्रवारी टपालकचेरीत नेऊ लागल्या. पॅकी म्हणजे ऐंशीचा अविवाहित म्हातारा, जिभेला हाड नाही असा. तो माझ्या डाव्या सीटवर बसे आणि बसल्या बसल्या रेडिओ मोठा करी, कारण आमच्या जिल्ह्याच्या रेडिओवर सकाळी कोण कोण वारलं ते सांगतात आणि त्यातलं एक नावही त्याला चुकवायचं नसे.

आणि नेमक्या त्याच दिवसांत माझा डावा पाय वाजायला लागला.

ठक. पाणंदीतल्या खड्ड्यात चाक उतरलं की ठक. फाटकाशी ब्रेक दाबला की ठक. मी डिंपनाबाईंना दिलेला शब्द पाळत होते, मित्रांनो. मला बोलता येत नाही, वाजता येतं, म्हणून मी वाजत होते. पण ऐकणार कोण? आमच्याकडे एक रीत आहे. विधवेच्या घरी पहिली काही वर्षं कुणी वाईट बातमी नेत नाही. तिचं गवत वाढलं तर रात्रीतून कापून देतील, पण तिची भिंत कलली आहे असं तोंडाने म्हणणार नाहीत. माझ्यात बसून जो तो म्हणे, "छानच चाललीय की जीप." आणि डिंपनाबाईही म्हणत, "हो, छानच आहे."

जूनमध्ये ग्रानिया आली. ती आता बॅलिनाच्या दवाखान्यात नर्स आहे आणि तिला फियाक्रा नावाचा दोन वर्षांचा मुलगा आहे. सप्टेंबरपासून तिची गुरुवारची पाळी संध्याकाळपर्यंत लांबणार होती. गुरुवारी फियाक्राला पाळणाघरातून आणायचं आणि रात्री आपल्याकडेच ठेवून घ्यायचं, असं डिंपनाबाईंनी मनाशी ठरवून ग्रानियाला सांगूनही टाकलं होतं. त्यांनी माझी मागची सीट ब्रशने घासली, तिच्यावर नवी गोधडी घातली. मॅलकी गेल्यापासून त्यांनी कशाची इतकी वाट पाहिली नव्हती. ग्रानिया माझ्यात बसली, आम्ही पाणंदीत शिरलो आणि ठक.

"आई, हे काय वाजलं?"

"कुठे काय? छानच आहे."

पुन्हा ठक.

"छानच काय, आई? खालून कुणी हातोडा मारल्यासारखं होतंय. हे नीट करून घे. तोवर मी फियाक्राला हिच्यात बसवणार नाही."

"तुझ्या वडिलांनी तुला हिच्यातूनच फिरवून मोठं केलं."

"बाबांना हिचं कळत होतं, आई."

ग्रानिया वाईट नाही. ती दिवसभर अपघातात सापडलेली माणसं पाहते. पण ते वाक्य डिंपनाबाईंना लागलं. ती गेल्यावर त्यांनी मागच्या सीटवरची गोधडी काढून घरात नेली. त्यांना वाईट वाटलं आणि मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही फिंटनच्या गॅरेजात गेलो. फिंटन तरुणपणी गावच्या फुटबॉल संघात मॅलकींच्या मागे बचावाला उभा राहायचा. मैदानावर भांडायचा, घरी येऊन जेवायचा. त्याने मला मोठ्या रस्त्यावर फिरवून आणलं. गुळगुळीत डांबरावर मी कशाला वाजू? तरीही त्याने मला वर उचलून पाहिलं आणि दोन्ही बाजूंचे लिंक रॉड, म्हणजे चाकांजवळचे बारीक जोडदांडे, ढिले झाले होते ते बदलून टाकले. पुढून ठकठक आली की बहुतेक वेळा दोष त्यांचाच असतो, त्यामुळे त्याचं काही चुकलं नव्हतं. मजुरी घ्यायला मात्र त्याने साफ नकार दिला. डिंपनाबाईंनी त्याच्या बाकावर सोडा घालून भाजलेला घरचा पाव आणि रूबार्बच्या आंबट देठांच्या मुरांब्याची बाटली ठेवली आणि आम्ही घरी निघालो.

पाणंदीचा पहिला खड्डा आला. ठक.

डिंपनाबाईंनी गाडी थांबवली. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या फाटकाशी फिंटन भेटला. "काय वहिनी, कशी आहे जीप?" आणि मित्रांनो, माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे दोन्ही दिव्यांदेखत, डिंपनाबाई गोड हसून म्हणाल्या, "छानच आहे रे. आवाज अगदी गेला."

दुसऱ्याने प्रेमाने केलेलं काम बिघडलेलं आहे असं सांगायचं नाही, हे इथल्या माणसांच्या हाडात मुरलेलं असतं. फिंटन खूश झाला आणि डिंपनाबाई त्यानंतर त्याच्या गॅरेजावरून जाताना मान वळवून बसू लागल्या.

जुलै गेला. ऑगस्टही अर्ध्यावर आला तेव्हा ग्रानियाचा फोन आला. मी अंगणात उभी होते आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. बॅलिनात मुलं सांभाळणारी एक बाई आहे, चांगली आहे, तिला शनिवारपर्यंत कळवायचं आहे, असं ग्रानिया म्हणाली असावी. कारण डिंपनाबाई म्हणाल्या, "असं होय. नाही नाही, मला काही वाटत नाही. तुझी सोय होणं महत्त्वाचं." फोन ठेवला आणि त्या तडक बाहेर आल्या. बोटातल्या अंगठीशी चाळा करत माझ्याकडे पाहत राहिल्या. मग सरळ जाऊन पॅकीला घेऊन आल्या.

"पॅकीदादा, बसा आत. आणि रेडिओला हात लावायचा नाही."

"अगं, वारलेल्यांची नावं लागतील आता."

"वारलेले कुठे जात नाहीत. गप्प बसा आणि ऐका."

पाणंदीत माणूस चालेल इतक्या वेगाने आम्ही निघालो. काचा खाली, रेडिओ बंद. कितीतरी दिवसांनी माझं कुणीतरी ऐकत होतं. डिंपनाबाईंनी आधी उजवं चाक खड्ड्यात घातलं. काही नाही. मग डावं. ठक. मग गाडी उभी करून स्टिअरिंग इकडून तिकडे पूर्ण फिरवलं. काही नाही. मग हळू पुढे जाऊन ब्रेक. ठक. मागे घेऊन ब्रेक. ठक.

"उतरा, पॅकीदादा. डाव्या चाकाशेजारून चाला आणि आवाज नेमका कुठून येतो ते सांगा."

"ऐंशी वर्षांच्या माणसाला गाडीतून उतरवून गाडीशेजारून चालवतेस, डिंपने? मॅलकी असता तर काय म्हणाला असता?"

"मॅलकी असता तर त्याने तुम्हाला पळवलं असतं. उतरा."

पॅकी काठी टेकत उतरला, कुरकुरत चालला, वाकून ऐकलं आणि म्हणाला, "खालून येतोय. चाकाच्या मागच्या अंगाने. पण त्यासाठी मला चालवायची काही गरज नव्हती. मे महिन्यापासून माझ्या बुटाखालीच वाजतंय ते."

डिंपनाबाईंनी ब्रेक दाबला. ठक. "मे महिन्यापासून? मग बोलला का नाहीत?"

"फुकट बसणाऱ्याने गाडीला नावं ठेवायची का? मला रीत कळते."

म्हाताऱ्याला शिव्या द्याव्यात की मिठी मारावी हे डिंपनाबाईंना कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

आम्ही तडक गॅरेजात गेलो तेव्हा फिंटन डबा खात होता. डिंपनाबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. आत गेल्या असत्या तर हवापाण्याचं बोलणं निघालं असतं आणि धीर सुटला असता.

"फिंटन, जीप छान नाहीये."

"परत वाजायला लागली?"

"परत नाही. थांबलीच नव्हती. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

फिंटनने चिंधीला हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. त्याचे कान लाल झाले होते. "माझं काम फसलं होतं, आणि सगळा उन्हाळा मला सांगितलं नाही तुम्ही, वहिनी?"

"तू मॅलकीचा मित्र. त्यातून एक पैसा घेतला नाहीस. कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

आता तो रागावेल आणि हे घरही तुटेल, असं मला वाटलं. फिंटन एका जुन्या टायरवर बसला. "मग माझंही ऐका. त्याच दिवशी मला डाव्या आर्मचा बुश चिरलेला दिसला होता. म्हटलं, वहिनींच्या मागे आधीच काय कमी आहे. तुम्ही आवाज गेला म्हणालात, तेव्हा वाटलं, घाई नाही. वार्षिक तपासणीच्या आधी कधीतरी गुपचूप बदलून टाकू."

"गुपचूप?"

"गुपचूप."

डिंपनाबाईंना हसू फुटलं. मॅलकी गेल्यानंतर मी त्यांना एवढं मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. "आपण दोघं मिळून सभ्यपणाने या जीपचा जीव घेतला असता रे. आता ऐक. डावं चाक, पुढे जाताना ब्रेक दाबला तरी, मागे घेताना दाबला तरी. स्टिअरिंग फिरवल्यावर नाही. आणि या वेळी मी तुझी गिऱ्हाईक, मॅलकीची बायको नाही."

"गिऱ्हाईक तर गिऱ्हाईक," फिंटन म्हणाला. "मग बाहेर नका थांबू, आत या आणि बघा."

त्याने मला वर उचललं आणि आर्मच्या सांध्यात पहार घालून जोर दिला. नुसती चीर राहिली नव्हती, बुश आरपार फाटला होता. आर्म बोटभर पुढेमागे हलत होता. उजवीकडचाही त्याच वाटेवर होता. त्याने दोन्ही आर्म नव्या बुशांसकट बदलले. बोल्ट बसवून झाले तरी तो ते पूर्ण आवळेना. डिंपनाबाईंनी विचारलं, "आता कशाला थांबलास?"

"पाय लोंबकळताना आवळलं ना, तर रबर त्याच पिळात अडकतं. मग खाली उतरवली की रोज ताणलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. तिला आधी स्वतःच्या पायावर उभी राहू दे. मग आवळू."

त्याने माझी चाकं भक्कम ठोकळ्यांवर टेकवली, माझं सगळं वजन माझ्याच पायांवर येऊ दिलं आणि मगच, खाली आडवं पडून, एकेक बोल्ट आवळला. तो आवळत असताना मला जे सुख झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. ज्याची दुखरी दाढ निघाली असेल त्याला विचारा.

मग फिंटन मोठ्या रस्त्याकडे निघणार तेवढ्यात डिंपनाबाईंनी किल्ली मागून घेतली. "तिकडे नको. माझ्या पाणंदीत चल. आणि चालवणार मी." पाणंदीत शिरलो. डावं चाक खड्ड्यात उतरलं. चाकाने चिखल उडवला, गवत माझ्या पोटाला घासलं, गडग्यावरचा कावळा उडाला. बाकी काही नाही.

फिंटनने विचारलं, "खरं सांगा हं, वहिनी."

"आवाज गेला. पण स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढतंय."

फिंटनच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जणू कुणी त्याला बक्षीस दिलं. "ओढणारच. आर्म बदलले की चाकांचं अलाइनमेंट करावं लागतं, चाकं पुन्हा सरळ रेषेत आणावी लागतात. उद्या सकाळी घेऊन या. तुम्ही बोलला नसतात तरी मी करणारच होतो, पण बोललात ते बरं केलंत."

शनिवारी ग्रानिया आली. फियाक्रा तिच्या गाडीत झोपला होता. ती अंगणात उतरली आणि तिने विचारलं, "झाली का नीट, आई?"

दोन महिन्यांपूर्वी या प्रश्नाला काय उत्तर आलं असतं, ते तुम्हांलाही पाठ झालं असेल. डिंपनाबाईंनी एप्रनला हात पुसले आणि सांगितलं, "पुढचे दोन्ही आर्म नवे आहेत. मी स्वतः उभं राहून पाहिले. पाणंदीत एक आवाज नाही. मागच्या काचेचा वायपर मात्र चालत नाही, तो पुढच्या आठवड्यात होईल. आणि ग्रानिया, बॅलिनाच्या मोठ्या गोल चौकात मला अजून भीती वाटते. एकदा तर मी घाबरून त्याला दोन फेऱ्या मारल्या."

पाणंदीत चक्कर मारून बघू, असं ग्रानिया म्हणाली नाही. तिचे डोळे भरून आले. "हे तू मला आधी का नाही सांगितलंस? मला वाटायचं, तू पडलीस तरी फोनवर छानच आहे म्हणशील. मला आवाजाची भीती नव्हती गं एवढी. तू मला कधी काही सांगणारच नाहीस, याची होती."

"आता सांगितलं ना."

"हो." ग्रानियाने नाक पुसलं. "त्या बाईंना मी नको म्हणून कळवते. सप्टेंबरच्या आधी एकदोनदा त्या चौकातून मी तुझ्या पुढे चालवीन. तू नुसती माझ्या मागे ये."

मित्रांनो, मी गाडी आहे. मला फार शहाणपण नाही. तुमच्या घरातली सायकल, शिलाईचं यंत्र, आजीचा गुडघा, यांतलं काहीही वाजू लागलं तर रेडिओ मोठा करू नका. आवाज कधी येतो, कुठून येतो, कधी येत नाही, एवढं नीट ऐका आणि ज्याला सांगायला हवं त्याला सांगा. त्याला थोडं वाईट वाटेल, वाटू द्या. आम्हा मुक्या जिवांना तुमच्याशिवाय बोलणारं कुणी नाही.

ग्रानियाने आपल्या गाडीतून फियाक्राची छोटी खुर्ची काढली. ती माझ्या मागच्या सीटवर कशी बसवायची, पट्टा कुठून ओवायचा, हे डिंपनाबाईंना येईना. त्यांनी ते लगेच सांगून टाकलं. दोघी माझ्यात अर्ध्या वाकून, डोक्याला डोकं लावून पट्ट्याशी झटत राहिल्या आणि खुर्ची पक्की बसल्यावर ग्रानियाने ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली. मग तिने झोपलेल्या फियाक्राला उचलून आणलं आणि स्वतःच्या हाताने माझ्यात बसवलं.